‘जो’ला ‘तो’ नसलेली भाषा

‘ही सेड दॅट आय ॲम इल.’ मराठी शाळेतल्या मुलाच्या वहीत हे वाक्य हमखास सापडते आणि मराठी कानाला त्यात काही खटकतही नाही. ‘तो म्हणाला की मी आजारी आहे.’ शब्दाला शब्द, काळाला काळ. मग चुकले कुठे? पण हेच वाक्य एखाद्या इंग्रज माणसाच्या हाती पडले, तर तो औषधाची बाटली घेऊन थेट वहीच्या मालकाकडे जाईल. जो बिचारा खरोखर अंथरुणावर पडला आहे, त्याच्याकडे तो ढुंकूनही पाहणार नाही.

आपला ‘की’ मोठा सज्जन शब्द आहे. तो दार उघडतो आणि बाजूला होतो. पुढे जे बोलायचे, ते मूळ माणूस आपल्याच तोंडाने बोलतो. त्याचा ‘मी’ हा ‘मी’च राहतो आणि त्याचे ‘आहे’ हे ‘आहे’च राहते. इंग्रजीतला ‘दॅट’ मात्र ठाण्यातल्या हवालदाराच्या जातीचा. तो जबाब लिहून घेतो. जबाब देणाऱ्याच्या ‘मी’चा तो ‘तो’ करतो, ‘आहे’चे ‘होते’ करतो, ‘उद्या’चा ‘दुसऱ्या दिवशी’ करतो आणि मग खाली सही घेतो. ‘ही सेड दॅट ही वॉज इल.’ आता आजारी कोण, याबद्दल शंका नाही.

‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ नावाचा धडा आपल्यापैकी बहुतेकांनी घोकला आहे. ‘धिस’चे ‘दॅट’, ‘नाऊ’चे ‘देन’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ असा तक्ता पाठ करून परीक्षेत गुणही मिळवले आहेत. पण हे सगळे करायचे कशासाठी, हे कुणी सांगितल्याचे फारशा लोकांना आठवणार नाही. कारण साधे आहे. इंग्रजी मिश्र वाक्यात बोलणारा एकच असतो, तो म्हणजे प्रधान वाक्याचा धनी. गौण वाक्य एकदा ‘दॅट’ने त्याला जोडले गेले की त्यातले सगळे ‘मी’, सगळे ‘आज’ आणि सगळे ‘इथे’ हे त्या धन्याच्या जागेवरून मोजायचे. मराठीत धनी दोन असू शकतात. एकाच वाक्यात दोघे बोलतात आणि ऐकणाऱ्याला कोण कधी बोलले ते बरोबर कळते.

कळते, कारण मराठीजवळ आणखी एक जुनी सोय आहे. ‘मी उद्या येतो म्हणून तो सांगून गेला’ किंवा ‘मी उद्या येतो असं तो म्हणाला’ ही वाक्ये पाहा. इथे ‘म्हणून’ आणि ‘असं’ हे शब्द दुसऱ्याचे बोलणे संपल्यावर येतात. जणू लिहिणाऱ्याने अवतरणचिन्ह मिटवले, तेही तोंडाने. संस्कृतातला ‘इति’ हेच काम करतो. कानडीतला ‘अंत’, तेलुगूतला ‘अनि’ आणि तमिळमधला ‘एन्ऱु’ हेही तेच करतात, आणि हैदराबादकडची दखनी ‘बोलके’ म्हणून तिथेच येऊन थांबते. भाषांची कुळे वेगळी असली, तरी शेकडो वर्षांच्या शेजारामुळे भारतातल्या भाषा एकमेकींच्या सवयी उचलतात, हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५६ साली मांडले. पुढे १९६७ मध्ये डच पंडित कायपर यांनी या सामाईक सवयींत ‘इति’चीही गणना केली. आपल्या ‘म्हणून’ला एवढी मोठी सोयरीक आहे, हे रोज तो वापरताना लक्षातही येत नाही.

‘दॅट’चे घराणे वेगळे. मूळचा तो साधा दर्शक शब्द, म्हणजे आपला ‘ते’. ‘मला ते ठाऊक आहे: तो आजारी आहे’ अशी दोन सुटी वाक्ये असावीत आणि पहिल्यातला ‘ते’ पुढे बोट दाखवता दाखवता दुसऱ्या वाक्याच्या दारात जाऊन उभा राहिला असावा, असे इंग्रजीचा इतिहास लिहिणारे सांगतात. बोटाची कडी झाली. पण कडी झाल्यावर तिचे वजनही कमी झाले. आज बोलताना इंग्रज माणूस ती सर्रास गाळतो. ‘ही सेड ही वॉज इल’ म्हटले तरी त्याचे काही अडत नाही.

अडते ते परक्या वाचकाचे. ‘द डॉक्टर फाउंड द पेशंट हॅड लेफ्ट’ हे वाक्य घ्या. डावीकडून वाचत जाणाऱ्याला आधी वाटते, डॉक्टरला पेशंट सापडला. दोन शब्द पुढे गेल्यावर कळते, की पेशंट केव्हाच निघून गेला आहे आणि डॉक्टरला सापडली ती फक्त रिकामी खाट. मध्ये ‘दॅट’ असता, तर हा हेलपाटा वाचला असता. जागा वाचवायची म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रे हा शब्द पहिल्यांदा कापतात आणि त्याचा भुर्दंड वाचकाला बसतो.

प्रश्नाचे वाक्य पोटात घ्यायची इंग्रजीची तऱ्हा आणखी मजेदार आहे. ‘व्हेअर इज ही?’ हा सरळ प्रश्न. पण ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’ म्हणायचे झाले, की ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’ म्हणावे लागते. क्रियापद उडी मारून पुढे येते ते फक्त प्रधान वाक्यात. गौण वाक्याला प्रश्न विचारण्याचा अधिकारच नाही. त्याने आपला कर्ता पुढे आणि क्रियापद मागे ठेवून गुमान उभे राहायचे. मराठीत ‘कुठे आहे’ हे शब्द घराबाहेरही तसेच आणि घरातही तसेच. म्हणून आपल्याकडचा चांगला शिकलेला माणूसही ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ म्हणून जातो. त्याला हसू नये. त्याची मातृभाषा अशा ठिकाणी उठबस करायला लावत नाही, इतकेच.

आता न्याय म्हणून एक गोष्ट मराठीच्या बाजूची. इंग्रजीत पुष्कळदा गौण वाक्य कडीशिवायच जोडतात. क्रियापदाला मागे ‘आयएनजी’ लावायचे, नाहीतर पुढे ‘टू’ लावायचे. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ आणि ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ यांतला फरक शिकवताना शिक्षकांच्या तोंडाला फेस येतो. मराठीत सांगा, पाचवीतला पोरगाही समजेल. ‘कुलूप लावायचं मला आठवलं’ आणि ‘कुलूप लावल्याचं मला आठवतंय’. पहिल्यात आठवण आधी आणि कुलूप नंतर. दुसऱ्यात कुलूप आधी आणि आठवण नंतर. गावाला निघालेल्या माणसाच्या जिवाची घालमेल या दोन प्रत्ययांवर अवलंबून असते. ‘लावायचं’ आणि ‘लावल्याचं’ ही जोडी आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांनी इंग्रजी शिकवताना वापरायला हवी होती. पण आपण नियम इंग्रजीतूनच पाठ करत बसलो.

मात्र खरी कुस्ती आहे ती ‘हू’, ‘व्हिच’ आणि ‘दॅट’ यांच्याशी. ‘जो’, ‘जी’, ‘जे’ची ही इंग्रज भावंडे. त्यांच्यातही भाऊबंदकी जुनी आहे. लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ पत्रात १७११ साली रिचर्ड स्टील यांनी ‘हू’ आणि ‘व्हिच’ यांचा एक विनोदी अर्ज छापला होता. आम्ही खानदानी शब्द. हा उपटसुंभ ‘दॅट’ कुठून तरी आला आणि आमच्या जागा बळकावून बसला, अशी त्यात तक्रार होती. अर्ज झकास होता, पण खटला टिकला नसता. कारण नाते जोडणारा शब्द म्हणून ‘दॅट’ या दोघांहून जुना. ‘हू’ तर या कामावर फारच उशिरा, सोळाव्या शतकाच्या आसपास रुळला. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत खुद्द देवबाप्पालाही ‘व्हिच’च लावलेले आहे. आज कुणी शेजारच्या काकांना ‘व्हिच’ म्हटले, तर संबंध बिघडतील.

पुढे १९२६ साली फाउलर नावाच्या एका शिस्तप्रिय गृहस्थांनी इंग्रजीच्या वापराचा कोश लिहिला आणि या भावंडांच्या वाटण्या करून द्यायचे ठरवले. ज्या गौण वाक्याशिवाय माणूस ओळखूच येणार नाही, तिथे ‘दॅट’ वापरावे. जे वाक्य नुसती जादा माहिती देते, तिथे स्वल्पविराम देऊन ‘व्हिच’ वापरावे. बहुतेक लेखक हा नियम पाळत नाहीत, चांगले लेखकसुद्धा पाळत नाहीत, हे त्यांनी त्याच कोशात कबूलही केले. तरी अमेरिकनांनी तो उचलून धरला, आणि आज संगणकाच्या पडद्यावर ‘व्हिच’खाली नागमोडी रेघ उमटते, तिचे मूळ तिथेच आहे.

नियम पाळा न पाळा, स्वल्पविरामाकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही. समजा, सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: ‘द मेंबर्स हू हॅव नॉट पेड देअर ड्यूज कॅनॉट व्होट.’ म्हणजे थकबाकीदार तेवढे मतदानाला मुकले. आता टंकलेखकाने ‘मेंबर्स’ या शब्दापुढे एक आणि ‘ड्यूज’पुढे एक असे दोन स्वल्पविराम टाकले, की अर्थ झाला: सभासद मतदान करू शकत नाहीत, आणि जाता जाता सांगायचे म्हणजे, त्यांपैकी कुणीही पैसे भरलेले नाहीत. दोन टिंबांच्या शेपट्यांनी अख्खी सोसायटी थकबाकीदार ठरली. मराठीत लिहा: ‘ज्या सभासदांनी थकबाकी भरलेली नाही, त्यांना मत देता येणार नाही.’ इथे स्वल्पविराम पुसून टाका, हवा तर दुसरीकडे टाका. नियमाने पैसे भरणाऱ्या सभासदाच्या केसालाही धक्का लागत नाही.

तो का लागत नाही, इथेच सगळी गोम आहे. मराठीचा ‘जो’ एकटा येत नाही. ‘ज्या’ म्हटले की ऐकणाऱ्याचे कान ‘त्या’ची वाट पाहू लागतात. जो–तो, जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जसा–तसा, जितके–तितके. पहिल्या शब्दाने गौण वाक्याचे दार उघडते, दुसऱ्याने ते लागते आणि प्रधान वाक्य सुरू झाल्याची वर्दी मिळते. ‘म्हणून’ आणि ‘असं’ हेही दार लावणारेच शब्द. स्वल्पविराम आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आला. त्याआधीच्या मोडी लिखाणात तर दोन शब्दांत जागाही सोडत नसत. तरी व्यवहार अडला नाही, कारण विरामचिन्हांचे पुष्कळसे काम शब्दच करत होते. इंग्रजीतला ‘हू’ किंवा ‘दॅट’ दार उघडतो, पण लावायला कुणी येत नाही. गौण वाक्य कुठे संपले, हे वाचणाऱ्याने पुढच्या क्रियापदावरून ताडायचे. त्या भाषेत ‘जो’ आहे, ‘तो’ नाही.

दार लावले नाही तरी चालते, जोवर माणसे एका रांगेत बाहेर पडताहेत. ‘द ग्रँडमदर हू स्कोल्डेड द बॉय हू एट द लाडू दॅट वॉज इन द टिन दॅट आत्या सेंट’ असे इंग्रजीत कितीही लांबवता येते. पोरांची गाणीही या चालीवर आहेत. मराठी हेच उलट्या टोकाने सांगते: ‘आत्याने पाठवलेल्या डब्यातला लाडू खाणाऱ्या पोराला ओरडणारी आजी’. इंग्रजीत आजी दारातच भेटते आणि आत्या सर्वांत शेवटी. मराठीत आत्यापासून सुरुवात करून, डबा, लाडू, पोरगा ओलांडत आजीपर्यंत पोहोचायचे. ‘लेला’ आणि ‘णारा’ या दोन प्रत्ययांच्या जोरावर सगळी गाडी मागून ढकलत आणलेली. दोन्ही वाक्ये सुखरूप पोहोचतात.

गोंधळ होतो तो वाक्याच्या पोटात वाक्य आणि त्याच्या पोटात आणखी एक असे घातले म्हणजे. चॉम्स्की आणि मिलर या दोघांनी १९६३ साली उंदीर, मांजर आणि कुत्रा यांचे एक असे वाक्य दाखवले, की ते इंग्रजी व्याकरणाच्या प्रत्येक नियमात बसते आणि तरी ऐकणाऱ्याला काही केल्या समजत नाही. त्याच साच्याचे आपण घरमालकाचे वाक्य करू: ‘द टेनंट द लँडलॉर्ड द कोर्ट सपोर्टेड सूड अपील्ड.’ तीन नामे सुरुवातीला, तीन क्रियापदे शेवटी, आणि कडी एकही नाही. कुणाचे क्रियापद कुणाचे, हे लक्षात ठेवता ठेवता माणसाची स्मरणशक्ती हात टेकते. मराठीत हे वाक्य होईल: ‘कोर्टाने ज्याची बाजू घेतली, त्या घरमालकाने ज्याच्यावर दावा लावला होता, त्या भाडेकरूने अपील केले.’ सुंदर म्हणता येणार नाही, पण समजते. दर टप्प्यावर एक ‘त्या’ दिवा घेऊन उभा आहे.

घरमालकाचे उदाहरण उगाच घेतलेले नाही. आपल्या घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी, आणि काही उच्च न्यायालयांत हिंदीला मिळालेली मुभा सोडली, तर उच्च न्यायालयांचीही तीच. त्या इंग्रजीत ‘व्हेअरअॅज’, ‘प्रोव्हायडेड दॅट’ आणि ‘हूएव्हर’ यांचे राज्य. पैकी ‘हूएव्हर’ सरळमार्गी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतली कितीतरी कलमे याच शब्दाने सुरू होत. जो कोणी अमुक करील, त्याला तमुक शिक्षा. आपल्या ‘जो–तो’शी हा साचा इतका जुळतो, की भाषांतरकाराला घाम फुटू नये. २०२४ च्या जुलैपासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी इंग्रजी पाठात हा साचा राहिलाच. खरे संकट येते ते निकालपत्रात. वकिलाचे म्हणणे, त्यावर प्रतिवादीचे म्हणणे, त्याबद्दल खालच्या कोर्टाचे म्हणणे आणि त्यावर आपले मत, हे सगळे न्यायमूर्ती एकाच वाक्यात कोंबू लागतात तेव्हा.

२०१७ साली असा एक निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने दिलेला. वाद साधाच, घरमालक आणि भाडेकरूचा. मुंबई-पुण्यात असे किती तरी मिळतील. न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने तो निकाल वाचला आणि रद्द केला. कायदा चुकला म्हणून नव्हे, वाक्ये समजत नाहीत म्हणून! पुन्हा नीट लिहा, असे सांगून प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेले. जन्मभर इंग्रजीत कायदा वाचलेल्या न्यायमूर्तींना जिथे प्रधान वाक्य सापडले नाही, तिथे ज्याचे घर पणाला लागले आहे, त्या पक्षकाराने काय करावे? २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांची भाषांतरे भारतीय भाषांत होऊ लागली. आता ती मराठीतही मिळतात. ही चांगलीच गोष्ट. पण मुळातलेच वाक्य कुठे संपते ते कळत नसेल, तर भाषांतरकार ‘तो’ कुठे ठेवणार?

आणि आता तर आपणही इंग्रजीच्या चालीने चालू लागलो आहोत. ‘हा तो फलंदाज आहे ज्याने मागच्या सामन्यात शतक ठोकले’ हे समालोचन रोज ऐकू येते. ‘ही एक अशी योजना आहे जी की शेतकऱ्यांसाठी आहे’ हे तर भाषणांत नेहमीचे. यातला काही वाटा हिंदीचा, काही इंग्रजीचा. पूर्वी ‘मागच्या सामन्यात शतक ठोकणारा फलंदाज’ म्हणत आणि कुणाचा श्वास कोंडत नसे. भाषा बदलते, हे मान्य. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा इंग्रजी वळणाच्या लांबलचक वाक्यांनी मराठी गद्याला भारदस्तपणाही दिलाच होता. पण शास्त्रीबुवांच्या वाक्यात ‘जो’ आला, की ‘तो’ कितीही लांब असो, येणार याची खात्री असे. ‘जी की’वाल्यांचे तसे नाही.

हा नुसता शुद्धलेखनवाल्यांचा रुसवा नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला विज्ञान शाखेत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तो वर्षाचा, कधी कधी आयुष्याचा प्रश्न असतो. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. सेमी-इंग्रजीचे वर्ग गावोगाव निघाले. पालकांची समजूत अशी, की अडचण शब्दांची आहे. म्हणून ‘बल’ म्हणजे ‘फोर्स’, ‘त्वरण’ म्हणजे ‘ॲक्सिलरेशन’ अशा याद्या भिंतीला चिकटवल्या जातात. हुशार मूल त्या महिन्याभरात पाठ करते. तरीही पुस्तकाचे पान उघडले, की ते अडते आणि स्वतःलाच ढ समजू लागते. कारण शब्द सगळे ओळखीचे असतात.

‘द फोर्स दॅट द टेबल एक्झर्ट्स ऑन द बुक दॅट रेस्ट्स ऑन इट इज इक्वल टू द वेट ऑफ द बुक.’ यात एकही अवघड शब्द नाही. पण ‘इट’ आणि ‘इज’ यांच्या मधल्या फटीत दोन गौण वाक्ये एकदम संपली आहेत आणि त्याची खूण काहीही नाही. मूल वाचते: ‘ऑन इट इज इक्वल’, आणि थांबते. काय ‘इक्वल’ आहे? टेबल, पुस्तक, की ‘इट’? ज्या ‘फोर्स’बद्दल हे सगळे चालले आहे, तो डझनभर शब्द मागे राहिला.

अशा वेळी पेन्सिल घ्यावी. पहिल्या ‘दॅट’च्या आधी एक कंस उघडावा, दुसऱ्याच्या आधी दुसरा, आणि जे क्रियापद कोणत्याच ‘दॅट’चे नाही, ते सापडले की त्याच्या आधी दोन्ही कंस बंद करावेत. उरते ते ‘द फोर्स इज इक्वल टू द वेट’. मग त्या बंद कंसावर, पुस्तक खराब झाले तरी चालेल, बारीक अक्षरात लिहावे: ‘ते’. टेबल आपल्यावर ठेवलेल्या पुस्तकावर जे बल लावते, ते पुस्तकाच्या वजनाइतके असते.